दोन पाडव्यांमधली माती

कोकण किनाऱ्यावरच्या सामुदायिक बागेत वसंताची तयारी वसंत लागल्यावर करून उपयोग नसतो. पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि मुंबई, ठाणे, पालघरच्या पट्टीत हे दोन महिने कडक उन्हाचे, खाऱ्या वाऱ्याचे आणि तळ गाठलेल्या विहिरींचे. थंड देशांतले गणित वेगळे. तिथे वसंत आला की गोठलेली जमीन मोकळी होते, शेवटचे हिम पडून गेले की बिया पेरता येतात. म्हणून तिथल्या वस्त्यांमधल्या सार्वजनिक बागा मार्च-एप्रिलमधला एखादा दिवस ठरवून सगळ्यांना बोलावतात: वाफे उकरायला, खत पसरायला, बियाणे वाटून घ्यायला. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी राडारोड्याने भरलेली एक कोपऱ्यावरची जागा साफ करून जी बाग उभी केली, तिने अशा बागांना मोठे बळ दिले. ती पद्धत आपल्याकडे तशीच उचलून मार्चअखेर कार्यशाळा घेतली, तर कोवळी रोपे ऐन उन्हाच्या तोंडी जातात. किनाऱ्यावर उन्हाळी भाजीपाल्याची पेरणी माघात, म्हणजे साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावी लागते. चैत्र लागेपर्यंत वेल मांडवावर चढलेले आणि वाफा पानांनी झाकलेला असला, तरच बाग उन्हाळा काढते.

पेरणी माघात, तर माती त्याआधी तयार हवी, आणि मातीला महिने लागतात. हिशेब मागे नेत गेले की तो दिवाळीच्या पाडव्यावर येऊन थांबतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वसंत पंचमीपर्यंत तीन महिने आणि चार दिवस मिळतात. गुढीपाडव्यापर्यंत बरोबर पाच चांद्रमास, म्हणजे सुमारे १४८ दिवस. साधे कंपोस्ट पहिल्या मुदतीत तयार होते, आणि ज्याला नैसर्गिक शेतीवाले ‘अमृतमाती’ म्हणतात ती दुसऱ्या मुदतीत. कार्यशाळेचा दिवस कितीही उत्साहाने साजरा झाला, तरी त्या दिवशी खांद्यावर घ्यायला तयार मातीची घमेली नसतील तर तो केवळ कुंड्या वाटपाचा कार्यक्रम होतो.

मिरा-भाईंदर शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या चौक गावात हा विषय नीट समजून घेता येतो, कारण बागेला लागणाऱ्या चांगल्या-वाईट सगळ्या गोष्टी इथे हाताच्या अंतरावर आहेत. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला मनोरीची खाडी यांच्यामधल्या भूभागाला धारावी बेट म्हणतात. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. उत्तन, पाली, डोंगरी, तारोडी, गोराई ही या बेटावरची गावे, आणि चौक त्यांतले खाडीच्या मुखाशी असलेले. गावाच्या उंचवट्यावर धारावीचा किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली तो मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात समोरच्या तीरावरची वसई पडली. किल्ल्यावरून वसईची खाडी आणि उघडा समुद्र दोन्ही दिसतात. ज्या मोकळेपणामुळे ही जागा लढाईत मोलाची ठरली, त्याच मोकळेपणामुळे समुद्रावरचा वारा इथल्या प्रत्येक परसात शिरतो. वस्ती मुख्यतः मासेमारीवर जगणारी, ख्रिस्ती घरे मोठ्या संख्येने. परसदारी नारळ, शेवगा, केळी. खालच्या अंगाला पावसाळी भात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरमध्ये नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा होतो. भात निघाले की पेंढा हाती येतो आणि पावसात माजलेले गवत कापणीला येते. दिवाळीच्या ढिगाला लागणारा माल तो हाच.

मुंबई परिसरात सामूहिक बागकामाच्या कार्यशाळा रुजल्या त्या काही मोजक्या माणसांमुळे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि दुसऱ्या शेतकऱ्याला सांगावे, एवढीच त्याची रीत. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी या रीतीने केलेली प्रगती महाराष्ट्राला ठाऊक आहे. थोड्या जागेत, पानांवर पडणारा सूर्यप्रकाश पुरेपूर वापरून एका कुटुंबाची गरज भागवता येते, हा दाभोलकरांचा आग्रह होता. त्यांचे विचार पुढे नेणारे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाडा इथे अमृतमातीची कृती पक्की केली. मुंबईत अर्थशास्त्राचे अभ्यासक डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडे भरलेल्या पिशव्यांमध्ये भाज्या पिकवून दाखवल्या; मातीचे प्रमाण अगदी थोडे, त्यामुळे गच्चीवर भारही कमी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली आणि पुढे ‘अर्बन लीव्ह्ज’ या गटातून रविवारच्या कार्यशाळा सुरू केल्या. या गटाने माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानातही काम केले, आणि हे उद्यान स्वतः एकेकाळच्या कचराभूमीवर उभे आहे. या सगळ्यांच्या कामात एक गोष्ट सारखी दिसते: शिकवणाऱ्याचे बोलणे थोडे आणि शिकणाऱ्याचे हात मातीत. व्याख्यान ऐकून घरी गेलेला माणूस ढीग रचत नाही. एकदा पाय रोवून पाचोळा तुडवलेला माणूस रचतो.

अमृतमातीची सुरुवात अमृतजलाने होते. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी पिंपात एकत्र करून सावलीत ठेवतात. तीन दिवस, दिवसातून तीनदा काठीने दोन्ही दिशांनी ढवळतात. चौथ्या दिवशी वास बदलतो; शेणाचा दर्प जाऊन आंबूस, ताकासारखा वास येतो आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात. शेणातले जिवाणू गुळावर वाढले, याची ती खूण. हे द्रावण दसपट पाण्यात मिसळतात. नावात अमृत असले तरी त्यात चमत्कार काही नाही. हे विरजण आहे, आणि विरजणाइतकेच ते ताजे, योग्य वेळी वापरावे लागते. आठवडाभर उघडे पडलेले पिंप उपयोगाचे राहत नाही. शहरातल्या इमारतींची पहिली अडचण ताज्या शेणाची असते. चौकच्या लोकांना ती कमी भेडसावावी, कारण उत्तनच्या रस्त्यावर केशवसृष्टीत गोशाळा आहे.

या पाण्यात सुका पालापाचोळा, कापलेले गवत, पेंढा एक दिवस-रात्र भिजत ठेवतात. भिजलेला माल हातात घेऊन पिळल्यावर बोटांमधून पाण्याचे एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर माल फार ओला, काहीच आले नाही तर कोरडा. मग दहा फूट लांब, तीन फूट रुंद जागेवर थर रचतात: पाचोळ्याचा जाड थर, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ शिडकावा, पुन्हा पाचोळा. प्रत्येक थर पायांनी दाबायचा, कारण पोकळ ढिगात हवा खेळून तो सुकतो. ढीग फूटभर उंच झाला की गोणपाटाने झाकतात. दर आठवड्याला तो वरखाली करून अमृतजल शिंपडतात. महिनाभरात पाने काळी पडून बोटांनी चुरता येतात.

इथपर्यंत हे कंपोस्टच झाले. अमृतमातीचा वेगळेपणा पुढच्या टप्प्यात आहे. ढिगावर सरमिसळ बी पेरतात: मेथी, मोहरी, धणे, मूग, तीळ, बाजरी, मिरची, अंबाडी, जे स्वयंपाकघरात आहे ते. सहाही रसांचे बी असावे, असे सांगणारे सांगतात. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर डाळवर्गीय, तृणवर्गीय, तेलबिया आणि मसाल्याची झाडे एकत्र आली की मुळांचे प्रकार वेगवेगळे होतात आणि त्यांच्या भोवतीचे सूक्ष्मजीवही. एकविसाव्या दिवशी वरचा पाव भाग छाटून तिथेच पसरतात, बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा, आणि त्रेसष्टाव्या दिवशी, फुले येऊ लागली की, सगळे कापून ढिगात मिसळतात. कोवळ्या पानात नत्र जास्त, जून देठात कर्ब जास्त. तीन वयांची हिरवळ एकाच मातीत जावी यासाठी हे टप्पे. त्यानंतर महिनाभर ढीग मुरू देतात. दिवाळीच्या पाडव्याला भिजवलेला पेंढा अशा रीतीने गुढीपाडव्याच्या सुमारास भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाची माती होऊन हाती येतो.

या ढिगाशेजारी दुसरा ढीग साध्या कंपोस्टचा घालणे शहाणपणाचे, कारण माघातल्या पेरणीला त्याचाच आधार असतो. त्यात घरचा ओला कचरा आणि सुका पाला यांचा मेळ बसवावा लागतो. जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब मानवतो. भाज्यांच्या देठा-सालींमध्ये कर्ब नत्राच्या पंधरा-वीस पटच असतो, म्हणून नुसता ओला कचरा सडून वास मारतो. सुक्या पानांत तो चाळीस ते ऐंशी पट, म्हणून नुसता पाचोळा वर्षभर तसाच पडून राहतो. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन-तीन बादल्या पाचोळा, हे व्यवहारातले प्रमाण. ढीग निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. चांगल्या रचलेल्या ढिगाच्या पोटात तापमान पंचावन्न ते पासष्ट अंश सेल्सिअसवर जाते आणि तणांचे बी, किडींची अंडी मरतात. एकट्या घराकडे एवढा माल एका वेळी नसतो, गल्लीकडे असतो. बाग सामुदायिक असण्याचे पहिले व्यावहारिक कारण हेच आहे.

सगळा पाला सारखा नाही. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात. बदामाची मोठी लालसर पाने, आंब्याची आणि फणसाची चिवट पाने कोयत्याने तोडून किंवा पायाखाली चुरून घातली नाहीत तर थराथराने चिकटून पाणी अडवतात. सुरूच्या सुया आणि निलगिरीची पाने ढिगात न घातलेली बरी. ती आच्छादनाला चालतात. पानगळीचा भर पौषापासून फाल्गुनापर्यंत असतो, म्हणजे ढिगाच्या पहिल्या हप्त्यानंतर. म्हणून दिवाळीला गवत-पेंढ्याचा ढीग घालायचा आणि पुढे गळणारा पाचोळा गोण्यांत भरून साठवायचा. तो उन्हाळ्यात आच्छादनाला आणि पुढच्या वर्षीच्या ढिगाला लागतो.

नेमका हाच पाचोळा गावोगावी आणि इमारतींच्या मागे पेटवला जातो. ठाणे-रायगडच्या शेतकऱ्याला पाला जाळणे परके नाही. पावसाआधी भाताच्या रोपवाटिकेच्या जागी शेण, टहाळ, पाला पसरून राब भाजण्याची रीत इथे जुनी आहे. १८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलातून टहाळ तोडण्याच्या हक्कावरून इतका असंतोष झाला, की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राबाला निदान हेतू होता: तणाचे बी मरावे, राख मातीत जावी, रोप जोमाने यावे. कृषी विद्यापीठांनी पुढे राबाशिवायची रोपवाटिका सुचवली, तरी त्या रीतीत शेतीचा विचार होता. इमारतीच्या मागे पेटवलेल्या पाल्यात तसा कोणताच विचार नाही. धूर छातीत जातो आणि राख गटारात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. दंडापेक्षा पुण्यातल्या अदिती देवधर यांच्या ‘ब्राउन लीफ’चा मार्ग अधिक उपयोगी ठरण्यासारखा आहे. ज्याच्या अंगणात पाने पडतात तो आणि ज्याला ती हवी आहेत तो, या दोघांची गाठ घालून देणे एवढेच त्या उपक्रमाचे मूळ काम, आणि पानांनी भरलेल्या गोण्या त्यातून एका घरून दुसऱ्या घरी गेल्या.

चौक-उत्तनच्या लोकांना कचरा वेगळा करण्याचे महत्त्व पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. सारे मिरा-भाईंदर शहर ज्या घनकचरा प्रकल्पाकडे कचरा पाठवते तो उत्तनच्या धावगी डोंगरावर आहे. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. या प्रकल्पातल्या आगी, धूर, दुर्गंधी आणि डोंगरावरून उतरणारे सांडपाणी यांविरुद्ध इथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्या, कुजणाऱ्या मालाचा असतो. म्हणून भाईंदर स्थानकाजवळच्या इमारतीने आपला ओला कचरा आणि पाला स्वतःच्या आवारात जिरवला, तर त्याचा पहिला लाभ डोंगराखालच्या गावाला होतो. अशा कार्यशाळेला गावाइतकेच शहरातले लोकही यायला हवेत, हे इथे आवर्जून म्हणावेसे वाटते.

मासेमारी गावाकडे खताचा आणखी एक साठा असतो. उत्तन परिसरात पावसाळा सरल्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगायची. मीठ लावत नाहीत, ऊन आणि वारा पुरतो. यातला तुटका, खाण्याजोगा न राहिलेला माल आणि जवळ्याचा भुगा बागेला सोन्यासारखा. मासळीच्या खतात नत्र चार ते दहा टक्के आणि स्फुरद तीन ते नऊ टक्के असते. शेणखताच्या कितीतरी पट. मात्र खारवलेली मासळी वापरू नये, मीठ मातीत साचते. मासळीची पूड ढिगाच्या पोटात, वरून निदान फूटभर पाला येईल अशा बेताने घालावी, नाहीतर मांजरे, कुत्रे आणि घुशी ढीग उकरतात. ताज्या मासळीचे टाकाऊ भाग समान वजनाच्या गुळात मिसळून झाकणाच्या बरणीत तीन-चार आठवडे ठेवले की पातळ द्रव सुटतो. लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर मिसळून तो पानांवर फवारतात. जुनी फाटकी जाळीही टाकायची नसतात. काकडी, कारले, दोडक्याच्या मांडवाला मासेमारीच्या जाळ्याइतके हलके आणि टिकाऊ काही नाही.

कार्यशाळेचा मुख्य दिवस वसंत पंचमी ते रथसप्तमीच्या आसपासच्या रविवारी धरावा. चौकमध्ये तो रविवारच्या मिस्सेनंतरच सुरू व्हायला हवा आणि ऊन चढण्याआधी हातचे काम संपायला हवे. मासळी बाजारात नेणाऱ्या बाया येऊ शकतील अशी वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. ठरवणारे एक आणि राबणारे दुसरे असे झाले की दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही.

पहिले काम माती पाहण्याचे. काचेच्या बरणीत तृतीयांश माती, वर पाणी, घट्ट झाकण, जोरात हलवून ठेवून द्यायचे. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवसभर पाणी गढूळ ठेवते. बरणीत पडलेले थर पाहून लहान मुलालाही आपली माती कळते. प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना निराळा घेतात: जागेच्या चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, त्याच्या भिंतीची पातळ खाप, सगळे एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो उरेपर्यंत. खाडीकाठच्या मातीत सामू आणि क्षारता तपासून घ्यावीच. डहाणू तालुक्यातल्या कोसबाड टेकडीवर १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे. उत्तर कोकणातल्या मातीचा आणि पिकांचा अनुभव तिथे साठलेला आहे. जिथे वाळल्यावर मातीवर पांढरा पापुद्रा दिसतो तिथे थेट जमिनीत न लावता फूटभर उंचीचे वाफे विटा, चिरे किंवा बांबू लावून भरावेत. वाफ्याची रुंदी तीन-साडेतीन फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये.

मग बियाणे. बागेतल्या कार्यशाळेत बियाण्याचा पाट मांडला की सगळ्यांत जास्त गर्दी तिथे होते, आणि ती व्हावी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल-घेवड्याचे आणि इतर भाज्यांचे वाण जपून बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्याआधीपासूनच त्यांचे काम चालले होते. धारावी बेटावर, समोरच्या वसईच्या वाड्यांमध्येही म्हाताऱ्या माणसांकडे काकडी, दुधी, वालाच्या बिया राखेत घालून ठेवलेल्या सापडतात. त्यांना कार्यशाळेत मानाने बोलवावे. विकतचे वाण घ्यायचे तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे या हवेला तावून सुलाखून निघालेले आहेत: काकडीत ‘शीतल’, दोडक्यात ‘कोकण हरिता’, कारल्यात ‘कोकण तारा’, माठात ‘कोकण दुरंगी’. भेंडीत ‘परभणी क्रांती’ हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वाण पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद देत नव्हता, म्हणून राज्यभर गेला. सरळ वाण निवडावेत. संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत ते तसेच येत नाही, आणि मग बियाणे देवघेवीला अर्थ उरत नाही. जुन्या बियांची उगवण तपासायला वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. पाचव्या-सहाव्या दिवशी चौदापेक्षा कमी बियांना मोड आले तर दाट पेरावे.

माघात पेरलेली भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, काकडी त्याच्याही थोडी आधी, माठ पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येतो. म्हणजे माठाची पहिली जुडी शिमग्याला आणि काकडी गुढीपाडव्याच्या मागेपुढे. ख्रिस्ती घरांमध्ये राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ चालू असतो, त्या ताटातही ही भाजी जाते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर घेवड्याच्या नादी लागू नये. गवार आणि चवळी खारेपणा बऱ्यापैकी सोसतात, काकडी-भेंडी कमी सोसतात.

पाण्यावर थांबून बोलायला हवे, कारण उन्हाळी बाग मरते ती पाण्यावाचून. इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ काहीच नाही. समुद्राकाठच्या विहिरीत गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी, तिच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत खारे पाणी खाली रेटलेले राहते. उलट, पंप लावून पातळी एक फूट उतरवली तर कालांतराने खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. म्हणून किनाऱ्यावरच्या बागेत पाणी वाचवणे म्हणजे विहीर वाचवणे. भर उन्हाळ्यात पिकातून आणि मातीतून मिळून रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्याला त्यामुळे रोज पंधरा लिटरच्या आसपास पाणी लागते. तीन बोटे जाड पाचोळ्याचे आच्छादन पसरले की मातीतून उडणारे पाणी बरेच वाचते. साठवलेल्या गोण्या तेव्हा उघडायच्या.

दुसरा उपाय मडक्याचा. चकाकी न दिलेले, साधे भाजलेले मडके वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरून वर झाकणी ठेवायची. माती सुकली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली असेल तर ओढत नाही. झाडाची गरज आणि पाण्याचा पुरवठा आपोआप जुळतो. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीच्या ग्रंथात ही पद्धत नोंदलेली आहे. मडक्याभोवती काकडी किंवा दुधीच्या तीन-चार बिया लावल्या तर दोन-तीन दिवसांआड मडके भरले तरी भागते. झाकणी विसरू नये. उघडे पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. चौकच्या वाऱ्यात उघड्यावरचा फवारा बराचसा वाया जातो. वाऱ्याच्या अंगाला बांबूची तट्टी किंवा शेवगा-तुरीची ओळ हवी. चैत्र-वैशाखात दुपारच्या उन्हासाठी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप मांडवावर टाकले की विकतच्या हिरव्या कापडाची गरज पडत नाही.

किडींबद्दल थोडक्यात. आठवड्यातून एकदा पानाची खालची बाजू पाहणे हाच निम्मा इलाज. पांढरी माशी आणि मावा यांना पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून. वेलभाज्यांवरच्या फळमाशीसाठी गंधसापळे लावावेत. आंब्यावरच्या फळमाशीसाठी दापोलीच्या विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा तयार केला. वेलभाज्यांच्या माशीला मात्र वेगळे, क्यू-ल्यूर नावाचे गंधद्रव्य लागते, ते दुकानात नाव घेऊन मागावे.

सामुदायिक बाग ज्या कारणाने बहुतेक वेळा मोडते ते कीड नाही, खतही नाही. शाळांना सुटी लागली की घरे गावी जातात आणि एप्रिल-मेमध्ये पाणी घालायला कोणी उरत नाही. चार दिवस वाफा कोरडा पडला की तीन महिन्यांचे काम जाते. यावर उपाय कार्यशाळेच्याच दिवशी करावा लागतो: सुटीतल्या प्रत्येक आठवड्याची पाण्याची पाळी नावानिशी फळ्यावर लिहून, सुटीत गावात राहणाऱ्या घरांना आधी विचारून. मासेमारी गावात जूनपासून होड्या किनाऱ्याला लागतात, पण मेमध्ये माणसे दर्यावर असतात. तेव्हा पाळी आखताना त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. काढलेली भाजी कशी वाटायची हेही त्याच दिवशी ठरावे. राबलेल्या दिवसांप्रमाणे वाटा, की आलेल्या प्रत्येकाला समान वाटा, दोन्ही रीती चालतात. न ठरवलेली रीत चालत नाही.

गुढीपाडव्याला तयार झालेली अमृतमाती तीन ठिकाणी लागते. उन्हाळी वेलांच्या बुडाशी एकेक ओंजळ भर म्हणून, पावसाळी दोडके-पडवळ-भोपळ्याची रोपे वैशाखअखेर पिशव्यांत वाढवायला, आणि उरलेली पुढच्या दिवाळीच्या ढिगाला मुरवण म्हणून. वैशाखात प्रत्येक वाणाचे एक चांगले, निरोगी, पहिल्या तोड्यातले नव्हे तर मधल्या बहरातले फळ झाडावरच ठेवतात. भेंडीची शेंग तडकेपर्यंत वाळू देतात. काकडी पिवळी, जून झाली की चिरून बिया गरासकट दोन दिवस भांड्यात आंबवतात. तरंगणाऱ्या पोकळ बिया फेकून, तळाशी बसलेल्या धुऊन सावलीत सुकवतात. मृगापूर्वी त्या कोरड्या राखेत घालून, वाणाचे नाव, गाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी लावून बरणीत बंद करतात. उन्हाळी पीक उपटल्यावर रिकामा वाफा पावसात उघडा ठेवत नाहीत. त्यात ताग पेरतात आणि फुलावर येण्याआधी तो मातीत गाडतात.